फळ देणारी श्रद्धा



१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा २० वर्षांचा विद्यार्थी चर्चामंडळात ख्रिस्तसभेची बाजू मांडत असे. पूर्वी तिने पुष्कळ केले असेल, पण तुम्ही आज काय करता, असे विरोधकांनी त्याला विचारले. ओझानाम आणि त्याचे मित्र मग गरिबांच्या घरी जाऊ लागले. त्यातूनच सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी जन्मली. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानामला धन्यवादित घोषित केले.

उपाशी भावाला नुसत्या गोड शब्दांवर परत पाठवणारी श्रद्धा निर्जीव आहे, असे संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात बजावतात. आपण सत्कृत्यांनी तारण विकत घेत नाही. श्रद्धा ही परमेश्वराची देणगीच आहे. पण जिवंत झाड फळ धरते आणि ते फळ झाड स्वतः खात नाही.

मिस्सा, रोझरी, नोव्हेना ही आपली मुळे. फळ मात्र चर्चच्या फाटकाबाहेर दिसले पाहिजे: आजारी शेजाऱ्याच्या उशाशी, अबोला धरलेल्या भावाच्या दारात. ओझानामला विचारलेला प्रश्न आज आपल्यालाही आहे. या आठवड्यात असे एक घर ठरवू या आणि तिथे जाऊ या.