मातृत्वाचा सामाजिक अभ्यास

मातृत्व ही निसर्गाची देणगी असली, तरी मातेचा अनुभव घडवितो तो समाज. म्हणूनच आरोग्याच्या नोंदींबरोबरच चालीरीती, श्रम आणि प्रतिष्ठा यांच्या संदर्भात त्याचा अभ्यास होणे अगत्याचे आहे.

पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी यावे, ही महाराष्ट्रातील रूढ प्रथा होय. सुस्थितीतील घरी बाळंतिणीला सव्वा महिना शेकशेगडी, डिंकाचे व अळिवाचे लाडू आणि पुरेशी विश्रांती लाभते. परंतु जेथे मजुरी बुडाली की चूल थंडावते, तेथे ही विश्रांती कोठून यावी? दिवाळीच्या सुमारास बीड व लगतच्या जिल्ह्यांतून हजारो जोडपी ऊसतोडीस निघतात. मुकादम पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मोजतो. पत्नी फडात उतरली नाही, तर कोयता अपुरा पडतो आणि घेतलेली उचल फिटत नाही. माहेरची माणसेही बहुधा दुसऱ्या फडावर असतात. अशा स्थितीत बाळ झोळीत आणि माता मोळ्या वाहण्यात गुंतलेली दिसते.

मातृत्वाचा गौरवही सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. सधवेच्या डोहाळजेवणाचे कौतुक करणाऱ्या समाजाने विधवेचे मातृत्व कलंक मानले. या अन्यायातूनच जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले.

मातेची विश्रांती राष्ट्रहिताची आहे, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडली. 1929 मध्ये मुंबई प्रांतात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला. 1961 मध्ये केंद्रीय कायदा आला. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. तथापि, जिला नेमका मालकच नाही, त्या शेतमजूर स्त्रीला रजा कोण देणार? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पात्र मातेला 5,000 रुपये मिळतात. परंतु साहाय्य म्हणजे रजा नव्हे.

गावपातळीवर अभ्यास करताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. प्रसूतीनंतर माता किती दिवसांनी कामावर गेली? पाणी कोणी भरले? घरात ती केव्हा आणि काय जेवली? स्थलांतरापूर्वी तिची नोंदणी व बाळाचे लसीकरणपत्र सोबत होते काय? शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पंचायत सदस्य यांनी ही उत्तरे एकत्र मांडली, तर कोणत्या मातेपर्यंत योजना पोहोचली नाही हे गावालाच कळेल. नुसत्या गौरवापेक्षा मातेला याच माहितीचा अधिक उपयोग आहे.