पेणकर, रोहेकर आणि इस्रायल



स्थलांतराचा पाठ शिकवताना आपण नकाशावर बाण काढतो आणि मोकळे होतो. गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे राहूनच जातं. त्यासाठी एक उदाहरण मानपाड्याहून जवळच आहे. (आमचा मानपाडा घोडबंदर रोडचा, डोंबिवलीकरांनी रागावू नये.) ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलसमोर १८७९ साली बांधलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे : 'शार हाशामाइम', म्हणजे स्वर्गाचं द्वार. ते बांधणारे बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा. कथेचं खरंखोटं इतिहासकार बघतील, पण गावांनी त्यांना सामावून घेतलं हे मात्र दिसतं. ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून नाव पडलं 'शनवार तेली'. आडनावं गावांवरून : पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली. बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंसुद्धा व्हायची! मुलांना हे सांगून बघा, डोळे मोठे होतात.

१९४८ नंतर यातली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. लोद, रामला, अश्दोद, वाळवंटातलं दिमोना. कोकणचा माणूस वाळवंटात! इथे ते 'ज्यू' म्हणून वेगळे होते, तिथे 'भारतीय' म्हणून वेगळे ठरले. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांची इतर ज्यूंशी लग्नं लावण्याआधी वंशावळ तपासायला सांगितलं. ज्या ओळखीसाठी घर सोडलं, तिचाच पुरावा द्यायची वेळ. लोक गप्प बसले नाहीत. जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने सांगितलं, हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. माझ्या मते धड्याचा गाभा हाच. दोन संस्कृतींत जगणं एरवी जमून जातं, 'तू नक्की आमचा का?' असं कोणी विचारलं की ते जड होतं.

बाकी संसार चालूच राहिला. लग्नाआधी मेंदी, नवसाला एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. नातवंडांची रोजची भाषा मात्र हिब्रू.

आता आपल्या वर्गाकडे वळू. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या भोजपुरी, कोणाच्या मालवणी. 'तू मूळचा कुठला रे?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. त्याऐवजी घरात रोज वापरला जाणारा, पण वर्गात कोणाला माहीत नसेल असा एक शब्द प्रत्येकाने आणावा. पालकांनी तो शोधायला मदत करावी आणि 'शाळेत असं बोलू नकोस' एवढं मात्र म्हणू नये. फळ्यावर शब्द लिहा, अर्थ ज्याचा त्याला सांगू द्या. एक तासिका पुरत नाही, दोन धरा.

टेंभी नाक्याला मुलांना न्यायचं असेल, तर आधी परवानगी घ्या. आणि शनिवार नको, त्यांचा शब्बाथ असतो.