लूप फिरताना ‘टक्’ आवाज का येतो?

प्रश्न : आमच्या गावच्या ढेमसा नृत्यातलं ढोलवादन सॅम्पलिंग पॅडवर घेतलं. लूप फिरताना दर वेळी ‘टक्’ वाजतं. उपाय सांगाल का?
– एक वाचक, पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : ध्वनिलहर शून्यरेषेवर नसताना कापली, की दोन टोकं जुळत नाहीत, तोच हा आवाज. दोन्ही टोकं शून्यरेषेवर कापा आणि २-३ मिलिसेकंदांचा फेड द्या. लांबी लयीवरून ठरवा : मिनिटाला १०० मात्रा असतील, तर १६ मात्रांचं आवर्तन ९.६ सेकंदांचं. ढोलाची घुमार रेंगाळते, म्हणून सलग तीन आवर्तनं घेऊन मधलं कापा. पातळी कमाल मर्यादेच्या ६ ते १२ डेसिबल खाली ठेवा. फाटलेला आवाज नंतर नीट सुधारत नाही. आणि वादकांची परवानगी घ्या, त्यांचं नाव अवश्य द्या.