जंगल कोणाचे, गाव कोणाचे?

इतिहासाच्या तासाला १९२७ म्हटले की आपले विद्यार्थी एका सुरात ‘महाड’ म्हणतात. भारतीय वन अधिनियमही त्याच वर्षीचा, हे क्वचितच कोणास ठाऊक असते. माणसे पाण्यावरील हक्कासाठी लढत असताना, राखीव जंगलात परवानगीवाचून गुरे चारणे वा लाकूड तोडणे हा गुन्हाच असल्याचे या कायद्याने पुन्हा बजावले. त्याची मुळे १८७८ च्या कायद्यात आहेत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस आळा घातला, हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु केवळ कुंपणाने निसर्ग राखला जातो काय? राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि म्हशी चारण्यावर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्याच अभ्यासात आढळले, की म्हशी गेल्यावर गवत माजून उथळ पाणी व्यापले गेले आणि पाणपक्ष्यांचीच जागा आकसली. ज्यांना शत्रू मानले, ती जनावरे पक्ष्यांची सोबती निघाली!

याउलट गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा). या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभाच देऊ लागली. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात.

आंबेडकरी वाचकाने मात्र येथेच थांबू नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांना परखड उत्तर दिले होते. मेंढ्यात बहुतांशी एकच समाज नांदतो. जेथे वस्त्या वेगळ्या, तेथे ‘लोकसहभाग’ म्हणजे नेमक्या कोणाचा सहभाग? वनहक्कविषयक ग्रामसभेला निम्मी उपस्थिती आणि उपस्थितांत एक-तृतीयांश स्त्रिया लागतात, हे ठीकच. परंतु वनहक्क कायदा (२००६) आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींकडून तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा मागतो. जंगलालगतच्या भूमिहीन दलित कुटुंबातील आजोबांचे नाव कोणत्याच कागदावर चढलेले नसेल, तर नातवाने पुरावा आणावा कोठून?

नियमांत एक वाट आहे. दावेदाराव्यतिरिक्त गावातील वृद्धांचे लेखी नोंदवलेले निवेदन इतर पुराव्याच्या जोडीला ग्राह्य धरले जाते. आपले माजी विद्यार्थी आज तलाठी आहेत, ग्रामसेवक आहेत, वकील आहेत. सुटीत गावी गेल्यावर अशी निवेदने लिहून घेण्यास एक वही पुरेल. ती सांगणारी माणसे मात्र आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.