मोकळ्या कोंबड्यांच्या घरी कुत्रं आणताना

आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. अंगणात गावरान कोंबड्या, थोड्या गिरिराज, आणि दारात कुत्रं कायमचं. हल्ली पुण्या-मुंबईची माणसं इकडे जमीन घेऊन घर बांधतात, हौसेनं कोंबड्या पाळतात आणि मग विचारायला येतात, "ताई, कोणत्या जातीचं कुत्रं आणू? स्वभावानं गरीब पाहिजे, तब्येतीनं धड पाहिजे आणि कोंबडीला तोंड लावता कामा नये." तीन अपेक्षा एका दमात सांगतात, पण या तीन गोष्टी एकाच कुत्र्यात आपोआप येत नाहीत. इतकी वर्षं कुत्री आणि कोंबड्या एकत्र सांभाळताना जे ध्यानात आलं ते इथे लिहिते.

१. माणसाशी गरीब असलेलं कुत्रं कोंबडीशीही गरीब असेल असं धरून चालू नका.

लहान पोरांना अंगाखांद्यावर खेळू देणारं, पाहुण्यावर कधी न गुरगुरणारं कुत्रं दुपारच्या वेळी खुराडं रिकामं करतं. मालक हबकतो, "एवढं प्रेमळ जनावर, त्याला काय झालं?" त्याला काहीच झालेलं नसतं. राग वेगळा आणि शिकार वेगळी. बरं, शिकारीचा भुकेशीही फारसा संबंध नसतो. पोटभर जेवलेलं कुत्रं आठ कोंबड्या मारून एकीलाही न खाता निघून जातं, हे खेड्यात सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

रेमंड कॉपिंजर या अमेरिकी अभ्यासकानं कुत्र्याच्या शिकारीची साखळी मांडून दाखवली: सावज हेरणं, नजर रोखणं, दबत पुढे सरकणं, पाठलाग, पकड, मारण्याचा चावा, फाडणं आणि खाणं. लांडग्यात ती अख्खी असते. माणसानं कुत्र्यांच्या जाती घडवताना आपल्या कामाच्या कड्या ठेवल्या, वाढवल्या आणि नको त्या दाबल्या. मला कुत्र्याकडे बघण्याची नजर मिळाली ती इथून. एखादी जात समोर आली की मी पहिल्यांदा विचारते, हिच्यात कोणती कडी जोरकस ठेवली आहे?

२. मग एकेक जात तशी तपासायची.

मुधोळ आणि आपल्या सोलापूर, लातूरकडचं कारवान ही ससा पळवण्यासाठी घडलेली कुत्री. देखणी, काटक, आपल्या उन्हाला सरावलेली. या जातींचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्यांच्यात पाठलाग रक्तात आहे. पंख फडफडवत पळणारी कोंबडी दिसली की विचार करायच्या आत पाय सुटतात. कोंबड्या जाळीबंद असतील तर मुधोळ खुशाल ठेवा. मोकळ्या चरत असतील तर ठेवू नका.

टेरियर जातींचं जन्माचं काम उंदीर-घुशी धरून झटका देऊन मारणं. डॅशहुंड बिळात शिरून बिज्जूशी भिडायला घडवलेला. बीगल सशाच्या वासामागे तासन्‌तास जाणारा. हस्कीबद्दल तर बोलायलाच नको. कोंबड्यांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी बर्फातलं ते जनावर एप्रिल-मेच्या फुफाट्यात आणून बांधणं मला बघवत नाही.

लॅब्रेडॉरची कडी पकडीची. पडलेला पक्षी न चिरडता मालकाला आणून देणं हे त्याचं काम, म्हणून त्याचा जबडा मऊ. लहानपणापासून शिकवलेला लॅब कोंबड्यांत राहू शकतो. मात्र पिल्लूपणात तो कोंबडी तोंडात धरून घरभर मिरवतो, आणि कोंबडी जखमेपेक्षा धसक्यानंच मरते. जर्मन शेफर्ड हाकणारा. तो कोंबड्यांभोवती गोल गोल फिरत राहतो. सतत हाकललेल्या कोंबड्या अंडी कमी करतात.

घरोघरी 'पामेरियन' म्हणून ओळखला जाणारा आपला स्पिट्झ मात्र लहान अंगणाला बरा. भुंकण्यात तरबेज, घार झेपावली तरी कल्ला करतो. अंगानं लहान असल्यानं त्याच्याकडून राखणीची अपेक्षा करायची नाही, हाकाटीची करायची.

३. राखणीची खरी जात कळपात वाढते.

ऑस्ट्रेलियात वॉर्नंबूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. ओहोटीला कोल्हे तिथं चालत जात आणि बुटके पेंग्विन मारत. २००५ पर्यंत पेंग्विन दहाच्याही खाली आले. ॲलन मार्श नावाच्या कोंबडीपालकानं सुचवलं की माझ्या कोंबड्या मरेम्मा कुत्री राखतात, तीच पेंग्विनांनाही राखतील. २००६ पासून ती कुत्री बेटावर ठेवली आणि पेंग्विन पुन्हा शंभरावर गेले. मरेम्मा ही इटलीतल्या मेंढपाळांची जात. तिच्यात पाठलागापासून पुढच्या कड्या जवळजवळ दाबलेल्या आहेत, आणि पिल्लू ज्या जनावरांत वाढतं त्यांना आपलं मानतं.

हे वाचून कुणी मरेम्मा शोधायला निघू नये. त्या दाट केसांना आपली हवा सोसायची नाही. आपल्याकडे हे काम धनगरांच्या वाड्यावरची कुत्री करतात. दिवाळीनंतर मेंढरं कोकणाकडे उतरतात तेव्हा बघा, घोड्यावरच्या बाडबिस्तऱ्यात कुत्र्याची पिल्लं आणि कोंबड्या शेजारी शेजारी बसून चाललेल्या असतात. डोळे उघडल्यापासून ज्या पिल्लाच्या नाकाला कोंबडीचा वास आहे, त्याला ती सावज वाटत नाही.

४. माझी पसंती गावठी कुत्र्याला.

शतकानुशतकं त्याची निवड कुणी दिखाऊपणासाठी केली नाही. अंगकाठी मध्यम, केस आखूड, छाती धड, नाक पुरतं लांब. सदोष अंगाचं जनावर उकिरड्यावर टिकलंच नाही, त्यामुळे आनुवंशिक दुखणी त्याच्यात कमी. चार पोळ्या, ताक-भात, अधूनमधून अंडं, एवढ्यावर ठणठणीत राहतं. पण सगळी गावठी कुत्री कोंबड्यांना चांगली असंही समजू नका. कत्तलखान्याच्या मागे टोळीत वाढलेलं आणि कोंबड्यांच्या अंगणात जन्मलेलं, दिसायला सारखी असली तरी वागायला सारखी नसतात.

५. पिल्लू बघायला जाताना आधी आई बघा.

माझ्या सासूबाईंची ही शिकवण, आणि गाय घेताना त्या लावत तीच कसोटी कुत्र्यालाही लावत. आई कोंबड्यांमध्ये कशी वावरते? अनोळखी माणूस आला तर भुंकून मागे सरते की अंगावर येते? पिल्लांना हात लावू देते का? भित्र्या आईची पिल्लं बहुधा भित्री निघतात, आणि भित्रं कुत्रं चावरं व्हायला वेळ लागत नाही.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या २०१७ च्या नियमांतही त्याआधी पिल्लू विकायला बंदी आहे. दुसऱ्या बाजूनं, तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लाचं मन सगळ्यात मोकळं असतं. या दिवसांत जे दिसेल ते त्याच्या जगात सामील होतं. म्हणजे हाताशी उरतो तो जेमतेम महिना, आणि म्हणून मी कोंबड्या असलेल्या घरातलंच पिल्लू शोधते.

निवडायच्या वेळी एक करून बघण्यासारखं आहे. पिल्लांवाली कोंबडी जवळपास चरत असताना कुत्र्याचं पिल्लू खाली सोडा. आमच्या चांदीला आणायला गेलो तेव्हा तिच्या भावंडांत एक काळा नर होता, सगळ्यांत गुटगुटीत. कोंबडी समोर येताच तो थिजला. तोंड मिटलं, शेपटी ताठ, पुढचा एक पाय अधांतरी, पापणी हलेना. चांदी दोन पावलं पुढे गेली, कोंबडीनं पिसं फुलवून तिच्या नाकावर चोच मारली. चांदीनं मान फिरवली, नाक चाटलं, जांभई दिली आणि जमीन हुंगत बाजूला गेली. तिथंच माझी निवड झाली. पिल्लं धावतात, भुंकतात, कोंबडीच्या मागे चार उड्या मारतात, त्याचं मला भय वाटत नाही. निश्चल होऊन नजर रोखणाऱ्याचं वाटतं.

मोठं कुत्रं घ्यायला तयार असाल तर त्याहून चांगलं. दोन-तीन वर्षं कोंबड्यांत नांदलेल्या कुत्र्याबद्दल अंदाज बांधावा लागत नाही.

६. तब्येतीची चौकशी तोंडी आश्वासनावर सोडू नका.

जातिवंत पिल्लू घ्यायचंच असेल तर कागदांपेक्षा दुखण्यांबद्दल विचारा. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष पिढीजात येतो. आईवडिलांच्या खुब्यांचा एक्स-रे काढलाय का, हे विचारायला संकोच करू नका. डॉबरमनमध्ये हृदयाचा आजार, डॅशहुंडमध्ये मणक्याची चकती सरकणं, पगमध्ये श्वासाचा त्रास. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग नीट थंड करता येत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात हाच जीवन-मरणाचा प्रश्न होतो. लॅबच्या खादाडपणाचं कारण तर त्याच्या गुणसूत्रांत सापडलं आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रेडॉरमध्ये एका जनुकातला तुकडाच गळालेला असतो आणि त्यांची भूक जास्त असते. कोंबड्यांच्या घरी खाद्याचं पोतं, फुटकी अंडी, विष्ठा सगळं जमिनीवर असतं, आणि लॅब ते सगळं खातो.

कोली जातीबद्दल एक इशारा. शेळ्या-मेंढ्यांना देतात ते आयव्हरमेक्टिन शेतावर सर्रास कुत्र्यालाही टोचलं जातं. कोलीच्या अनेक कुत्र्यांना ते औषध मेंदूपर्यंत पोचून जिवावर बेततं. कोणत्याही कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नका.

७. सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा.

पिल्लूपणी कोंबड्यांच्या अंगावर डोकं टेकून झोपलेलं कुत्रं वयात येताना एक दिवस पळापळ सुरू करतं. त्याला तो खेळ वाटतो. या काळात मी कुत्र्याला कोंबड्यांसोबत एकटं ठेवत नाही. लांब दोरीला बांधून पडवीत बसवते, कणी टाकून कोंबड्या जवळ बोलावते, आणि त्यानं नजर काढून माझ्याकडे पाहिलं की लगेच खाऊ देते. नजर काढणं हाच धडा. नजर सुटली की साखळीतली पुढची कडी जुळत नाही.

मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायची, तिनंच त्याला बडवायचं, असले उपाय सांगणारे भेटतात. त्यातून कुत्रं एवढंच शिकतं की मालक जवळ आला की मार मिळतो. आणि ज्यानं एकदा पकड ते मारण्याचा चावा हा रस्ता पुरा केला, त्याच्यासाठी भक्कम जाळी हाच उपाय. असं कुत्रं वाईट नसतं. कोंबड्या नसलेल्या घरी ते आयुष्यभर सुखानं राहील.

८. कुत्र्याला कोंबडीची शिजलेली हाडं द्यायची नाहीत, कच्ची आतडीही नाहीत. शिजलेल्या हाडाच्या चिरफळ्या आतड्यात रुततात आणि कच्च्या आतड्यांतून जुलाबाचे जंतू येतात, ते घरातल्या पोरांपर्यंत पोचतात.

गोचिडांचं औषध कुत्र्याला लावलं की ते वाळेपर्यंत कोंबड्यांपासून लांब ठेवा, कारण कोंबड्या गोचीड टिपायला कुत्र्याच्या अंगावर चोच मारतात. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात, मग दरवर्षी. कोंबड्यांच्या राखणदाराची मुंगसाशी गाठ पडतेच, आणि मुंगसाकडूनही रेबीज होऊ शकतो.

९. रात्री कुत्र्यालाही दाराआड घ्या.

आमच्या भागात बिबट्या कोंबडीपेक्षा कुत्र्यासाठी वस्तीवर येतो. अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. दिवसा मुंगूस, रानमांजर, घार यांना चांदी पुरून उरते. दिवस मावळला की कोंबड्या डालायच्या, खुराड्याची कडी लावायची आणि चांदीला पडवीच्या जाळीआड घ्यायचं. गळ्यात खिळ्यांचा पट्टा असला तरी मी तिला बाहेर सोडत नाही. जाळी गंजली का, खालून माती उकरली आहे का, हे महिन्याकाठी वाकून बघावं लागतं. पावसाळ्यात तर आठवड्याला.