ध्यानाला बसवण्याआधी

पालकहो, दिवाळीची सुट्टी संपून मुलं होस्टेलवर परतली की आमच्या कॉलेजच्या समुपदेशन कक्षातला फोन वाजू लागतो. पलीकडे बहुतेक वेळा आई असते, कधी बाबा. "मॅडम, चार दिवस घरी होता, पण धड बोललाच नाही." "रात्र रात्र जागी असते, विचारलं की अंगावर येते." आणि मग थोडं थांबून, जरा आशेने विचारलेला प्रश्न : "तिला मेडिटेशनला घालू का? इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर असतं ना?"

या प्रश्नामागची तुमची तगमग मला कळते. पोर लांब, आपल्या हातात काही नाही. ध्यानाला गोळ्या लागत नाहीत, नातेवाइकांत चर्चा होत नाही, आणि ते आपल्याला परकंही नाही. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ध्यानयोगाचाच आहे. ध्यानावर माझाही विश्वास आहे. मी ते मुलांना शिकवते. पण ते कोणाला, केव्हा आणि कोणाच्या इच्छेने, यावर सगळं अवलंबून आहे. त्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

आज कॉलेजांमधून ज्याला माइंडफुलनेस म्हणतात, त्याचा पहिला वर्ग १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात भरला. जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी तो सुरू केला. बौद्ध परंपरेतलं ध्यान आणि थोडी योगासनं घेऊन, धार्मिक भाग बाजूला ठेवून त्यांनी ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. आठवड्यातून एक वर्ग आणि रोज घरी सराव. दुखणं पळवून लावण्याचा दावा त्यात नव्हता. दुखण्याभोवती मन जी भीती आणि चिडचिड उभी करतं, ती ओळखायला शिकायचं होतं.

मुलं ध्यान सोडून देतात ते इथेच. "मॅडम, माझं ध्यान लागतच नाही, डोक्यात सारखं काहीतरी चालू असतं." डोकं रिकामं व्हायला हवं, अशी त्यांची समजूत असते. तसं होणार नसतं. लक्ष श्वासावर ठेवायचं, ते सबमिशनकडे जाणार, तिथून कॅम्पस प्लेसमेंटकडे, तिथून बाबांच्या कर्जाच्या हप्त्याकडे. ते गेलं हे लक्षात येणं आणि स्वतःला न रागावता परत श्वासाकडे येणं, एवढाच सराव. पुन्हा गेलं, पुन्हा यायचं.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दुसऱ्या वर्षाची, मराठवाड्यातली, बारावीत तालुक्यात पहिली. पहिल्या सेमिस्टरला दोन विषयांत केटी लागली आणि तिथपासून तोंडी परीक्षा म्हटली की हात गार, घसा कोरडा. त्या दिवशी तासाभरात ओरल होती. मी तिला डोळे मिटायला सांगितलं नाही, कारण घाबरलेल्या माणसाला डोळे मिटले की छातीतली धडधडच मोठी ऐकू येते. चपला काढायला सांगितल्या. फरशी गार होती. टाचा कुठे टेकल्यात, अंगठा कुठे टेकलाय, एवढंच बघ. मग आवाज : पंख्याचा, बाहेर कोणी बेंच ओढत होतं त्याचा, पार्किंगमधल्या स्कूटीचा. 'मी नापास होणार' हा विचार आला की मनात म्हणायचं, 'नापास होण्याचा विचार आला', आणि परत टाचांकडे. सात-आठ मिनिटांनी ती म्हणाली, "धडधड आहेच, पण आता जाता येईल." आणि ती गेली. त्या दिवशी तेवढं झालं, बस्स.

अशा सरावाला संशोधनाचा आधारही आहे. केंब्रिज विद्यापीठात सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी ८ आठवड्यांचा वर्ग केला होता, त्यांना ऐन परीक्षेच्या दिवसांत इतरांपेक्षा कमी त्रास झाला. पण ते सगळे स्वतःहून नाव नोंदवलेले विद्यार्थी होते. याउलट ब्रिटनमधल्या ८५ शाळांत, ८ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात वर्गातल्या सगळ्यांनाच शिक्षकांनी माइंडफुलनेस शिकवलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले : नेहमीच्या शिक्षणापेक्षा जास्तीचा फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. वयं वेगळी, शिकवण्याची रीत वेगळी, हे खरं. तरी मला त्यातून जे दिसतं, तेच मी रोज कक्षातही बघते. वडिलांनी परस्पर फी भरून पाठवलेला मुलगा डोळे मिटून बसतो आणि आतल्या आत धुमसत राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चिंता आणि नैराश्य ही दोन नावं आपण एका दमात घेतो, पण ध्यानाच्या बाबतीत त्यांना एक न्याय लावता येत नाही. चिंतेत मन पुढे धावत असतं. त्याला आत्ताच्या क्षणात आणून बसवलं तर उसंत मिळते. नैराश्य खोल असेल तेव्हा मूल आधीच तासन् तास स्वतःच्या विचारांत बुडालेलं असतं. 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास', 'आपण कशालाच लायक नाही', हेच घोळत असतं. त्याला अर्धा तास डोळे मिटून एकटं बसवलं, तर अनेकदा तेच घोळणं आणखी वाढतं. नैराश्यासाठी झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीजडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी माइंडफुलनेसवर आधारलेली जी उपचारपद्धती बांधली, तिचा मूळ हेतूच नैराश्यातून बाहेर आलेल्या माणसाला ते पुन्हा गाठू नये हा होता.

इगतपुरीबद्दलही हेच. तिथलं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ मध्ये सुरू झालं आणि तिथून असंख्य लोक काही चांगलं घेऊन परतले आहेत, हे मी आदराने मानते. पण तिथे दहा दिवस मौन, फोन नाही, दिवसाला जवळजवळ दहा तास बैठक. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हे शिबिर करू नये, असं ते स्वतःच सांगतात आणि अर्जातही विचारतात. तो रकाना कोरा ठेवून मुलाला पाठवू नका. कळवळून सांगते आहे.

मग आधी काय बघायचं? मेसचं जेवण चुकतंय का. आंघोळ, कपडे यांकडे लक्ष उरलंय का. झोप पार उडाली आहे किंवा दिवसभर अंथरुणातून उठवत नाही, असं आहे का. ज्या गोष्टीसाठी जीव टाकायचा, ती क्रिकेट असो की गिटार, तीही नकोशी झालीय का. दोन आठवडे हे असंच चाललं असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. ध्यानाचं नंतर बघू. आणि मूल जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोलत असेल किंवा आपल्या जपलेल्या वस्तू वाटून टाकत असेल, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. सरळ विचारायचं : "मरून जावं असं मनात येतं का रे?" असं विचारल्याने ते मनात भरतं ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. उत्तर काहीही आलं तरी ओरडू नका, शपथा घालू नका, "आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं" हे तर अजिबात काढू नका. आणि 'हो' आलं, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

फोनबद्दल थोडं. तुमचा रोजचा फोन मुलांनी मला इतक्या वेळा म्हणून दाखवलाय की तो पाठ झालाय. "जेवलास? अभ्यास झाला? टेस्टचे मार्क लागले? शेजारच्या अमक्याला इंटर्नशिप लागली म्हणे. बरं, ठेवते." मायेने केलेला फोन असतो तो, मला माहीत आहे. पण पोराला त्यात आपल्याबद्दलचं सांगायला जागाच सापडत नाही. आठवड्यातून एक फोन असा करून बघा, ज्यात मार्कांचा म सुद्धा नाही. तिकडे पाऊस आहे का, खोलीतला पार्टनर घोरतो का, हे विचारा. ते गप्प झालं तर तुम्हीही गप्प राहा, घाईने काही बोलून ती जागा भरू नका. समोरच्याचं मन लावून ऐकायचं, उत्तर मनात तयार करत बसायचं नाही, हासुद्धा माइंडफुलनेसचाच सराव आहे, आणि तो तुम्ही करायचा आहे.

मुलाने ध्यान शिकावं असं वाटत असेल, तर आधी महिनाभर तुम्ही बसा. सकाळी दूध तापण्याआधीची दहा मिनिटं. दुसऱ्याला सांगायचं नाही, फोटो टाकायचे नाहीत. सुट्टीत घरी आलेलं पोर ते बघेल. विचारेल किंवा नाही विचारणार. विचारलं तर शेजारी जागा करून द्या.

गोळ्यांची भीती वाटते, हेही ओळखून आहे. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीच्या काळात बारीक लक्ष ठेवायला डॉक्टर सांगतात. ध्यान सुरू केलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. कुठे जावं ते सुचत नसेल, तर टेली मानस या केंद्र सरकारच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पालकही फोन करू शकतात.

औषध सुरू झालं की ते पहिले काही आठवडे मुलाला खोलीवर एकटं ठेवू नका. आईला रजा मिळत नसेल तर आजी येऊ दे, मावशी येऊ दे, नाहीतर त्याला घरी घेऊन जा. हजेरी कमी पडेल, सबमिशन राहील, ही काळजी करू नका. डॉक्टरांचा कागद घेऊन आमच्याकडे या; रेक्टरांशी आणि विभागप्रमुखांशी आम्ही बोलतो.