औद्योगिक न्यायाधीशाची वाटचाल : हेन्री हिगिन्स

हेन्री बोर्न्स हिगिन्स १९०७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय सलोखा व लवाद न्यायालयाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे वय ५६ होते. विशीतल्या मुलाचे अजून काहीच ठरले नाही म्हणून धास्तावलेल्या पालकांनी त्यांची आधीची वर्षे पाहावीत. १८५१ मध्ये आयर्लंडात जन्म, १८७० मध्ये कुटुंबासह मेलबर्नला स्थलांतर. बोलताना अडखळण्याचा त्रास होता; त्यावर त्यांनी चिकाटीने ताबा मिळवला. शिकवून पोट भरत कायद्याचे शिक्षण घेतले आणि १८७६ मध्ये वकिली सुरू केली. पुढे संसद, १९०४ मध्ये अॅटर्नी जनरलचे पद, १९०६ मध्ये हायकोर्टाचे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे, न्यायाधीशपद.

त्यांचे नाव झाले ते हार्वेस्टर खटल्याने. ह्यू मॅके यांच्या शेती-अवजारांच्या कारखान्याला अबकारी करात सूट हवी होती, आणि सुटीची अट होती रास्त मजुरीची. रास्त म्हणजे किती, हे कायद्यात कुठेच नव्हते. हिगिन्स यांनी मजुरांच्या बायकांना साक्षीला बोलावून घरखर्च विचारला. भाडे, किराणा, पाव, मांस, दूध, सरपण धरून पाच माणसांच्या घराला आठवड्याला ३२ शिलिंग ५ पेन्स लागत. कपडे, बूट, दिवाबत्ती, विमा यात नव्हतेच. त्यांनी दिवसाला ७ शिलिंग ठरवले. मूळ करकायदा १९०८ मध्ये हायकोर्टात रद्द झाला, पण मोजमाप टिकले. भारताच्या १९४८ च्या रास्त वेतन समितीनेही त्यांच्या विचारांची दखल घेतली.

या मोजमापात एक मोठा अन्याय होता: घर चालवणारा पुरुषच, असे गृहीत धरल्याने अनेक कामांत बायकांची मजुरी कमी ठरली. समान वेतनाचे तत्त्व १९६९ आणि १९७२ च्या निर्णयांनी मान्य झाले. १९७२ च्या सुनावणीत सरकारची बाजू मांडणाऱ्या मेरी गॉड्रन १९७४ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी, लवाद न्यायालयाच्या जागी आलेल्या लवाद आयोगाच्या उपाध्यक्ष झाल्या आणि १९८७ मध्ये हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश.

आज ऑस्ट्रेलियात किमान वेतन फेअर वर्क कमिशन ठरवते. कायद्याचे अनेक वाद फेडरल कोर्टात जातात. त्या न्यायाधीशपदासाठी, आधी दुसऱ्या न्यायालयात न्यायाधीश नसल्यास, किमान ५ वर्षे वकील म्हणून नोंदणी लागते; प्रत्यक्षात निवड बहुधा मुरलेल्या वकिलांतून होते. कमिशनवर मात्र कामगार संघटना, मालक संघटना किंवा अर्थशास्त्राचा अनुभव असलेलेही येतात. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला याच विषयाची ओळख कामगार कायदा घेऊन करून घेता येते. इथे कामगार न्यायालये आणि औद्योगिक न्यायालय दोन्ही आहेत. पदवीच्या काळातच ताळेबंद वाचायला शिकावे आणि कामगारांच्या वस्तीतला घरखर्च स्वतः विचारून पाहावा.